सातवं बटण

"आवाज जरा कमी," लोतोमाऊकाकांनी तिसऱ्यांदा बजावलं. सिनापातीनं तिसऱ्यांदा आदरानं मान डोलावली आणि काहीएक कमी केलं नाही.

काका मुद्दाम डाव्या स्पीकरला खेटून बसले होते. मनगटावर घड्याळ, मांडीवर शंख. गावाचा संध्याकाळचा शंख चाळीस वर्षं तेच फुंकत आले होते. शंख वाजला की ‘सा’ सुरू, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ. मग बोलणं नाही, चालणं नाही. असाल तिथं खाली बसायचं, मान खाली घालून प्रार्थना करायची, ती थेट चर्चची घंटा होईपर्यंत. रस्त्यावरची बससुद्धा थांबते.

मागच्या शनिवारी मात्र शंख वाजून गेला तरी गाणं चालूच राहिलं. शंख कुणाला ऐकूच आला नव्हता. गावच्या बैठकीनं दोष सिनापातीच्या गाणी वाजवायच्या मशीनवर, मिक्सरवर ठेवला. आज काकांच्या पुतणीचं लग्न म्हणून शेवटची सवलत होती. सा सुरू झाल्यावर ढोलाचा एक ठोका जरी ऐकू आला, तर मिक्सर कायमचा गावाबाहेर.

"वहिनी, आत्ताच बंद कर ना," सिनापातीची नणंद फिलेमू म्हणाली. "कशाला जिवाला घोर?"

"नवरी नाचायचीय अजून."

"आणि म्हातारा टपून बसलाय त्याचं काय? काल घरी येऊन तासभर मशीन तपासून गेला. तेही दार लावून! आत तुम्ही दोघं, मी आपली बाहेर ताटकळत. आतून नुसता खोकला आणि मधेच एखादी फुंकर ऐकू येत होती."

"तपासणारच. मानकरी माणूस आहे."

"मग सापडलं काय त्यांना?"

"धूळ," सिनापाती म्हणाली आणि हेडफोन एका कानावर ओढून घेतला.

वहिनी कामाला लागली की फिलेमूला नुसतं बघत राहावंसं वाटायचं. हा मिक्सर ऑकलंडहून मुलानं पाठवलेला. सोबतचं जाडजूड पुस्तक सिनापातीनं कधी उघडलं नाही. वर्षभर एकेक खुंटी पिळून, कान लावून, मासा ताजा की शिळा ओळखावा तशी ती मशीन ओळखत गेली. आता एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्या पोटात कधी शिरलं, हे नाचणाऱ्या पायांनाही कळत नसे. मधेच ती गाण्यातला घुमारा काढून घ्यायची, ओहोटीला समुद्र मागं जातो तसा. माणसं हात वर करून थांबायची. मग सगळा समुद्र एकदम परत सोडायची.

मिक्सरवर आठ चौकोनी बटणं होती, प्रत्येकात एक आवाज भरून ठेवलेला. कोंबडा, भोंगा, बाळाचं रडणं, आणि जुन्या टेपवरून उचललेलं तिच्या सासूबाईंचं खिदळणंसुद्धा. नवऱ्या मुलाच्या आत्यानं नाचताना कंबर मोडून दाखवली, तेव्हा सिनापातीनं नेमकं तेच दाबलं आणि मागं प्रतिध्वनी लावला. चार वर्षांपूर्वी गेलेली म्हातारी आख्ख्या मांडवावर हसत सुटली. फिलेमूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची आईच ती.

"आणि हे सातवं कसलं गं?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"रिकामंय."

नवरी नाचली. सूर्य डोंगराच्या पाठीला टेकला. काकांनी घड्याळ पाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. नेहमीसारखं समुद्राकडं तोंड करून, लोकांकडं पाठ करून त्यांनी शंख उचलला.

गाणं भर रंगात होतं.

सिनापातीच्या एका हातानं आवाजाची पट्टी खाली खेचली. ठोका जागच्या जागी थांबला. सगळं चिडीचूप. आणि शंख वाजला.

तो लांबलचक, भरदार वाजला. डोंगरावर जाऊन आपटला, परत आला, पुन्हा गेला. वरच्या आळीतली कुत्रीसुद्धा गप्प झाली. माणसं होती तिथं खाली बसली. फिलेमूनं मान खाली घालता घालता तिरक्या नजरेनं पाहिलं. वहिनीची बोटं अजून मशीनवर होती आणि एक खुंटी अगदी सावकाश फिरवत होती. झोपलेल्या लेकराच्या अंगावरून हात काढावा तशी मशीन विझवतेय, असं फिलेमूला वाटलं.

घंटा झाली. काका लोकांकडं वळले.

"एक ठोका वर गेला नाही," ते म्हणाले. "हिला वेळ कळते. मशीन राहू दे."

मांडवात एकच कल्ला झाला. "काका, आज शंख तरुण झाला की!" कुणीतरी मागून ओरडलं.

"छाती लागते त्याला," काका म्हणाले आणि खोकले.

केळीच्या पानांवर डुकराचं मटण आलं, अळकुड्या आल्या, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं आली. नवरीनं सिनापातीला गळ्यात पडून ओढतच नेलं. "फिलेमू, तेवढी मशीन पुसून आत ठेव गं," ती जाता जाता ओरडली. "वायर मी काढते नंतर!"

फिलेमूनं कमरेला गुंडाळलेल्या लाव्हालाव्हाच्या टोकानं मशीन पुसली, देवाची पेटी पुसावी तशी. भलतंच काही वाजू नये म्हणून कोंबडा टाळला, भोंगा टाळला, आईला तर मुळीच हात लावला नाही. मग पेटी नीट धरता यावी म्हणून अंगठा त्या रिकाम्या सातव्यावर टेकवला आणि उचलली.

शंख वाजला.

लांबलचक, भरदार. डोंगरावर जाऊन आपटला, परत आला. तीनशे माणसं घास हातात घेऊन खाली बसली. सगळ्या माना झुकल्या. फिलेमू एकटी पेटी धरून उभी. तिनं स्पीकरकडं पाहिलं.

काकांचे दोन्ही गाल मटणानं फुगलेले होते, दोन्ही हात तेलकट. त्यांनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं. मग घाईघाईनं मांडीवरचा शंख उचलून ओठांना लावला, तोही उलटा.