पहिला चीक

पुसेगावच्या नर्सबाईनं बाळाला पहिलं पिवळं दूध पाजायला सांगितलं, तेव्हाच चांगुणाबाईला संशय आला. बिनलग्नाच्या पोरीला बाळंतपणातलं काय कळतं? “त्यानं बाळाचं आतडं मजबूत होतं, रोगाशी लढायची ताकद येते,” असं सांगून नर्सबाई गेली. चांगुणाबाईनं सुनेपुढं वाटी धरली. “पिळून टाक. नासकं असते ते.” मोहिनीनं वाटी घेतली नाही. “आत्याबाई, शेळी व्याली की तुमी करडाला लगेच चीक पाजता. काहून?” “न्हाई पाजला तर हगवण लागून मरते करडू,” चांगुणाबाई बोलून गेली आणि थबकली. मोहिनीची पहिली लेक दीड महिन्यात हगवणीनंच गेली होती. तिच्या वेळचं पिवळं दूध चांगुणाबाईनं स्वतःच्या हातानं उकिरड्यावर ओतलं होतं. तिनं लेकराला उचललं आणि मोहिनीच्या पदराखाली दिलं. मोहिनीनं पुढं काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.