उरलेला रंग

आजही हसू थोडं कमी झालं होतं.

चित्रातलं. तिचं स्वतःचं तर केव्हाच उडालं होतं. कॅनव्हासवर तिने स्वतःलाच काढलं होतं, खो खो हसताना, पार पडजीभ दिसेल इतकं तोंड उघडून. आजवरची सगळी चित्रं बाबांनी शिकवलं तशी काढलेली. हे पहिलंच तिचं, अगदी आतून आलेलं. उद्या ते प्रदर्शनात जाणार होतं. आणि रोज बघावं तर ओठांचे कोपरे आणखी जरासे आत सरकलेले.

संशय घ्यायला घरात माणूस एकच. बाबा. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली, त्यामुळे दुसऱ्याच्या कागदावर हात फिरवल्याशिवाय घास उतरायचा नाही. लहानपणी तिच्या चित्रांतल्या हसऱ्या बायकांना ते हमखास सुधारायचे. "दात कशाला दाखवायचे? तोंड मिटव, चेहरा शोभून दिसतो."

चहाच्या वेळी तिने त्यांची नखं न्याहाळली. रंगाचा कणही नव्हता. म्हणजे घासून धुतली असणार. बिस्किट तरी किती साळसूदपणे बुडवत होते!

"बाबा, माझ्या खोलीत गेला होतात?"

"रोजच जातो. खिडकी लावायला. ओल्या रंगावर धूळ बसते."

"आणि?"

"आणि खिडकी लावतो."

तिने चहा अर्धवटच सोडला.

त्या दिवशी तिने पुस्तकांच्या फटीत मोबाइल उभा केला, रेकॉर्डिंग चालू करून. काम आटोपलं, ब्रश धुतले, दार नुसतं लोटून ती बाहेर पडली. तासाभराने परत आली तर ओठ जेमतेम विलगलेले. चला, सापडला चोर. तिने मोबाइल उचलला.

पडद्यावर आधी तीच दिसली. चित्रातला गळा रंगवून झाला होता. पॅलेटवर त्वचेचा रंग थोडा उरला होता. उरलेला रंग वाया घालवायचा नाही, ही बाबांचीच शिस्त. पडद्यावरची ती पुटपुटत होती, "आज बघतेच तुम्हाला." लक्ष सगळं दाराकडे. आणि हात आपला रोजच्या सवयीने चालला होता. ओठाच्या या कोपऱ्यावर एक फटकारा, त्या कोपऱ्यावर एक. नीटनेटका. शोभेलसा. रंग संपला तसा तिने ब्रश धुतला.

तिने तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला. हात तिचाच होता.

पुढे दार उघडलं. बाबा आले. खिडकी लावली. जाता जाता चित्रापुढे थबकले, हात पाठीमागे बांधून. ब्रश अगदी हाताशी होते. त्यांनी एकालाही हात लावला नाही.

"केवढी हसत होती," ते स्वतःशीच म्हणाले. "कुणी गप्प केलं हिला?"