निरोगी माणसाचं रक्त

भिवंडीच्या लॅबमध्ये भाविका पेशंटांच्या रक्तातली प्रोटीन्स जेलच्या पातळ पट्टीवर वीज सोडून वेगळी करायची. पहिल्या रांगेत निरोगी माणसाचा नमुना, शेजारी पेशंटांचे. ज्याच्या रांगेत नको तिथे जाड काळी रेघ उमटेल, त्याला कॅन्सरची शंका म्हणून पुढच्या तपासणीला पाठवायचं.

कंपनीकडून येणारा निरोगी नमुना संपला आणि नवा काही येईना. तेवढ्यात खारबावहून वालाच्या शेंगा घेऊन बाबा आले. या वयातही तांदळाची गोण एकट्यानं उचलणारे बाबा! "घे गं बाय, मना काय रगात कमी हाय?" म्हणत त्यांनी हसत हात पुढे केला.

तेव्हापासून पहिल्या रांगेत बाबाच. त्या रांगेकडे भाविका धड बघायचीही नाही. निरोगी माणसात काय बघायचं? लॅबच्या डॉक्टर मॅडमना मात्र तिनं हे सांगितलं नव्हतं, आणि ते तिच्या मनाला खात होतं. परवा बाबा फोनवर "पाठ लय दुखतं" म्हणाले, तेव्हाही मॅडम समोर आल्या म्हणून तिनं "बाम लावा" सांगून घाईनं फोन ठेवला.

आज मॅडमनी पट्टी उजेडात धरली आणि त्यांचं बोट पहिल्या रांगेवर थांबलं. आपली चोरी पकडली गेली, या विचारानं भाविकाला रडूच फुटलं.

"मॅडम, चुकलं माझं. तो कंपनीचा नमुना नाहीये..."



"ते नंतर बघू. आधी सांग, हा पेशंट कोण आहे? त्याला आजच बोलावून घे."