आम्पारोबाईंचा फोन

फोन वाजला तेव्हा कालिंदीबाई हिंगोलीच्या घरी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पडद्यावर विहीणबाईंचं नाव होतं, आम्पारो.

विष्णुपंत लगबगीनं आतून आले. पहाटेच मुलाचा, अद्वैतचा, निरोप आला होता की त्याचे सासरे गेले. तिकडे कोलंबियात तो पुढच्या धावपळीत अडकला होता. आजवर विहिणी एकमेकींशी बोलल्या त्या अद्वैतला मध्ये बसवूनच. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे तोच करायचा.

“उचलू नको,” विष्णुपंत म्हणाले. “अद्वैतला तिकडं घरी पोचू दे. भलत्या वेळी भलतं काही बोलून गेलीस, तर त्या माउलीला आणखी तकलीफ.”

त्यांचं खोटं नव्हतं. कालिंदीबाई स्पॅनिश शिकत होत्या, पण कुठल्या वर्गाला जाऊन नव्हे. नात, जाई, तिकडचीच भाषा बोलू लागली, तेव्हा त्यांनी अद्वैतकडून फोनमध्ये गोष्टी भरून घेतल्या होत्या. शिकणाऱ्यांसाठी सावकाश सांगितलेल्या, ऐकायच्या गोष्टी. त्याही राजाराणीच्या नाहीत. ज्याच्यावर जे गुदरलं, ते त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं. कुणाची बस चुकली होती, कुणी चाळिशीनंतर पोहायला शिकलं होतं, कुणाचा भाऊ नदीत गेला होता. कालिंदीबाई भाकरी थापताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लावत. आधी नुसता आवाज कळायचा, मग एखादा शब्द, आणि कधीतरी एकदम सगळा माणूसच समोर यायचा. विष्णुपंत शेजारी सांगत, आमच्या हिला म्हातारपणी शाळेत घातलंय.

कालिंदीबाईंनी हात पदराला पुसले आणि फोन उचलला.

पडद्यावर आम्पारोबाई रडताना दिसल्या. मध्येच काही बोलत होत्या, पण त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. फार वाईट झालं, एवढं एक पाठ असलेलं वाक्य कालिंदीबाई कसंबसं म्हणाल्या. ते त्या रडण्यात कुठंच पोचलं नाही. विष्णुपंतांनी फोन बंद करायला हात पुढे केला.

कालिंदीबाईंनी तो हात बाजूला सारला. नदीत भाऊ गेलेल्या त्या बाईचा आवाज त्यांना आठवला होता. ती गोष्टीच्या शेवटी म्हणाली होती, सगळे येऊन गेले, सगळ्यांना वाईट वाटलं, पण माझा भाऊ कसा होता हे कुणीच विचारलं नाही.

“कोमो एरा एल?” कालिंदीबाईंनी विचारलं. ते कसे होते?

पलीकडचं रडणं थांबलं. आम्पारोबाईंनी बाहीनं नाक पुसलं आणि बोलायला सुरुवात केली. आधी भराभर, मग समोरचीचा गोंधळलेला चेहरा पाहून सावकाश. जिथं कळेना तिथं कालिंदीबाई हात वर करत. आम्पारोबाई मागं येऊन तेच पुन्हा सांगत. निम्मं तरीही सुटत होतं. दाढी करताना ते गात, आणि फार बेसूर गात. कुत्र्यांना घाबरत. सूपमध्ये मीठ कमी आहे, असं रोज म्हणत आणि रोज दुसऱ्यांदा वाढून घेत. हे सांगताना आम्पारोबाईंना हसू आलं आणि हसता हसता पुन्हा रडू. कालिंदीबाईंनी त्यांना रडू दिलं. फोन तेवढा समोर धरून ठेवला.

विष्णुपंत पायरीवर टेकले. बायकोचे सगळे आवाज आपल्याला ठाऊक आहेत असं त्यांना वाटे. भाजीवालीशी घासाघीस करतानाचा, आरतीतला, रागाचा. हा त्यांनी कधी ऐकला नव्हता. अडखळत होती, एकेक शब्द धरून पुढं जात होती, पण मागं फिरत नव्हती. ते तिच्याकडे बघत राहिले.

मग आम्पारोबाईंनी काहीतरी विचारलं. कालिंदीबाईंनी फोन विष्णुपंतांकडे वळवला.

“विचारून राहिल्यात, तुम्हाला ते आठवतात का.”

एरवी विष्णुपंत पडद्याला हात जोडत आणि तिथून निघून जात. आज ते उठले नाहीत.

“आठवतात,” ते म्हणाले. “त्यांना सांग, लग्नात मी मांडवामागं जाऊन रडत होतो. पोरगं कायमचं त्यांच्या मुलखात चाललं होतं. तेवढ्यात ते तिथं आले.”

कालिंदीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मांडवामागचं हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्या स्पॅनिश शब्द शोधू लागल्या. मांडवाला त्यांच्याकडे शब्द नव्हता. कापडाचं घर, असं त्यांनी म्हटलं. त्या कापडाच्या घरामागं माझा नवरा रडत होता, आणि तुमचा आला.

आम्पारोबाई पडद्याच्या अगदी जवळ आल्या.

“इ देस्पुएस?” आणि मग?

कालिंदीबाई अर्थ सांगायला वळल्या. त्याची गरज पडली नाही. विष्णुपंत पुढं सांगू लागले होते.