अडीच सेकंद

चंद्रावरच्या तळावर काम करणाऱ्या केतकीचं नाव फोनवर उमटलं, तशा कालिंदीबाई पिठाच्या हातांनीच धावल्या. पडद्यावर लेक रडत होती.

“आई, हवेची टाकी फुटलीय! बचावयानाच्या परवानगीला तुझा अंगठा लाव, लवकर!”

त्या अंगठ्याने कालिंदीबाईंचं घर, बँक, सारंच उघडत असे. तरी त्यांनी तो उचलला.

“घाबरू नकोस गं. किती जण अडकलात?”

“चौघं!” उत्तर तत्काळ आलं.

कालिंदीबाई थबकल्या. चंद्रावर आवाज पोचून उत्तर यायला अडीच सेकंद तरी लागतात!

“कोण रे तू?” म्हणत त्यांनी फोन कापला आणि स्वतःच तळाचा नंबर लावला. पलीकडे अडीच सेकंद शांतता. मग केतकीचा हसरा आवाज आला, “आई? आज अवेळी कशी?”

“तुझं सोंग घेणाऱ्या मेल्याची लबाडी पकडली गं!” कालिंदीबाई आनंदाने ओरडल्या.