हिऱ्याचा आवाज

शहाद्याचा काचवाला हिलाल मोतीबिंदू काढल्यानंतर पहिल्यांदाच काच कापत होता. प्रकाशा गावच्या देवळासाठी सुरतेहून आलेली ही जाड काच एकुलती एक होती. रॉकेलचं बोट फिरवून त्याने काच कापायचा हिरा एका दमात ओढला, पण रेघ दिसेना. रेघ मध्येच तुटली असेल, तर काच वाकडी फुटणार. तीच रेघ पुन्हा ओढली, तर कड दातेरी होणार. तरी त्याने हिरा पुन्हा टेकवला. “थांबा! हिराना आवाज कोठेच तुटना नही,” दाराशी बसलेली बायको म्हणाली. “तुले काय समजस व?” “तीस वरीस काच कापताना माले बोलू दिधं नही तुम्ही. कानच उघडा व्हतात मन्हा!” हिलालने रेघेखाली काडी सरकवून दोन्हीकडून दाबलं. काच सरळ दुभंगली. अंगठा कडेवरून कुठेच न अडता गेला. शेजारची जागा थोपटत तो म्हणाला, “रोज आठेच बसत जाय व!”