मधली रेघ

ऑर्फा चर्चमधून परतली तेव्हा तिच्या आईच्या चेरीच्या लाकडाच्या पाळण्याचे तुकडे होऊन पडले होते.

व्हर्लिन, तिचा नवरा, करवतीजवळ चाकाच्या खुर्चीत बसला होता. लेथवर लाकूड कातण्याइतके त्याचे हात आता स्थिर नव्हते. दुसऱ्याची वस्तू कापण्याइतके मात्र होते.

"अक्रोडाचं लाकूड माझ्या बापाच्या गोठ्याचं, चेरी तुझ्या आईची," तो म्हणाला. "प्रत्येक लाल तुकडा दोन काळ्यांच्या मध्ये आवळलेला. याला म्हणतात संसार. दोघांची राख एकाच भांड्यात. दोन कप्पे, खाली मी, वर तू. माझ्या डोक्यावर बसायची सवय आहेच तुला."

"मला विचारलंस?"

"मेल्यावर जाणार कुठे आहेस?"

डॉक्टरांनी त्याला पानगळीपर्यंतची मुदत दिली होती, आणि केंटकीच्या त्या डोंगरात पानं पिवळी पडू लागली होती. भांड्याची गोष्ट त्याने आधीच गावभर केली होती. पाद्रीबाबांनी तर पुढच्याच रविवारी भर चर्चमध्ये कौतुक केलं. आता नाही म्हटलं असतं तर तीच कैदाशीण ठरली असती. या माणसाबरोबर जन्म काढला तेवढा पुरे होता. मेल्यावरही त्याच्याचजवळ राहायचं या विचाराने तिला शिसारी येत होती.

तरी ती लेथवर उभी राहिली. जन्मभर त्याने कातलेली लाकडी भांडी घासूनपुसून देता देता ती सगळं शिकली होती. तुकड्यांची कडी झाली, कड्यावर कडं विटांसारखं चढलं, मध्यावर एकावर एक दोन चकत्या बसल्या, खालच्या कप्प्याचं झाकण आणि वरच्याचं बूड. कातताना धरायला बुडाशी एक टाकाऊ ठोकळा चिकटवायचा होता. लाकडाला लाकूड चिकटलं की कुऱ्हाडीनेही सुटत नाही. मध्ये किराण्याच्या पिशवीचा तपकिरी कागद घातला की पटाशीचा एक टोला पुरतो. ही युक्ती व्हर्लिनचीच.

"कागद घातलास ना? का नेहमीसारखी विसरलीस?" तो खेकसला.

"जिथं सुटायला हवं, तिथं घातलाय."

भांडं तयार झालं. व्हर्लिनने प्रत्येक सांध्यावरून नख फिरवलं आणि प्रत्येक सांध्याला नाव ठेवलं. बरोबर मध्यावर केसाएवढी तपकिरी रेघ होती. तिथे तो थांबला.

"हे काय?"

"लग्नाची अंगठी. तुझं घर आणि माझं घर जिथं जुळतं, तिथं."

जन्मात पहिल्यांदा त्याने तिच्या कामाला बरं म्हटलं. मग भेटायला येईल त्याला तो त्या रेघेवरून बोट फिरवायला लावायचा आणि सांगायचा, हे आता कुणाच्या बापाला सुटायचं नाही.

पानं गळाली, तोही गेला. त्याची राख बुडातून खालच्या कप्प्यात भरून बूड कायमचं बंद केलं. अंत्यविधीनंतर सगळे ऑर्फाच्या घरी मक्याचा पाव आणि घेवडा खात बसले. व्हर्लिनची बहीण ग्लेनिस भांड्याला गोंजारत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वरची जागा तेवढी रिकामी आहे, वहिनी. माझ्या भावाला फार ताटकळत ठेवू नकोस."

ऑर्फा उठली, पटाशी घेऊन आली, रेघेवर टेकवली आणि हलकेच एक टोला दिला. भांड्याची दोन भांडी झाली.

"ने तुझ्या भावाला," म्हणत तिने खालचं ग्लेनिसच्या मांडीवर ठेवलं. वरचं तिने कुशीत घेतलं. दोघींच्याही भांड्यांना किराण्याच्या पिशवीचा फाटका तपकिरी कागद चिकटलेला होता.